थांबा मंजूर आहे

दिनानाथ पेडणेकरांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी बजावलं, "तीन आठवडे कॉम्प्युटरकडे बघायचं नाही." पेडणेकर नुसते हसले. डॉक्टरांना वाटलं, पेशंट समजूतदार आहे. पेडणेकर हसत होते ते डॉक्टरांच्या अज्ञानाला. माणिकपूरच्या 'शुभंकर' सोसायटीचा सेक्रेटरी तीन आठवडे मेल बघणार नाही, म्हणजे काय? लिफ्टवाल्यांना उत्तर कोण देणार? पाण्याच्या टाकीच्या झाकणाचा पत्रव्यवहार गेली दोन वर्षं फार नाजूक वळणावर होता, तो कोण सांभाळणार? आणि तेवढ्यात बसथांब्याच्या अर्जाचं उत्तर आलं तर?

या बसथांब्यात पेडणेकरांचा जीव अडकला होता. वसई गावाकडे जाणारी बस शुभंकरच्या फाटकावरून रोज धाडधाड जायची, पण थांबायची नाही. थांबा पार पुढच्या नाक्यावर. तरण्याताठ्यांचं ठीक आहे हो. पण तळमजल्यावरच्या रोझलीनबाय डाबरे, वय वर्षं चौऱ्याहत्तर, दोन्ही गुडघे कामातून गेलेले, रोज सकाळी जेवणाचा डबा घेऊन पाचूबंदरला जायच्या. तिथे त्यांची थोरली बहीण आग्नेस अंथरुणाला खिळलेली होती आणि रोझलीनबायशिवाय कुणी भरवलं तर ती तोंडच उघडायची नाही. रिक्षा यायच्या त्या स्टेशनवरून भरूनच. मग बाय डबा सांभाळत नाक्यापर्यंत चालायच्या, वाटेत तीनदा बसायच्या आणि चौथ्यांदा बसेपर्यंत बस निघून जायची. दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीतून हे रोज बघून बघून एक दिवस पेडणेकरांच्या तोंडून निघून गेलं, "रोझलीनबाय, बस आपल्या फाटकासमोर थांबेल. माझा शब्द!"

आता पेडणेकरांचा शब्द म्हणजे काय, हे शुभंकरमध्ये नव्याने राहायला आलेल्यालाही दोन दिवसांत कळायचं. चौदा वर्षं ते सेक्रेटरी होते आणि चौदा वर्षांत खालच्या नोटीस बोर्डावर त्यांनी एकही खोटी ओळ लिहिली नव्हती. "पाणी दहा वाजता येईल" असं लिहून ते दहा वाजून पाच मिनिटांनी आलं, तर खाली जाऊन "पाच मिनिटे उशीर झाला, दिलगीर आहोत" असं लिहिणारा हा माणूस. लोक हसायचे. हसू देत. आपल्या बोर्डावर आपली भिस्त आहे, बाकी जगाचं जग बघून घेईल, असं पेडणेकर म्हणत.

तर डोळ्यावर हिरवा पडदा असताना मेल वाचायचे कसे, यावर सून ज्ञानदाने तोड काढली. ती ठाण्याहून रविवारी आली आणि तिने कॉम्प्युटरला बोलायला लावलं. मेल आला की आधी घंटी वाजणार, मग एक बाई त्याचा विषय मराठीत वाचणार. पुढचं ऐकायचं असेल तर एक बटण दाबायचं. आवाज नीट यावा म्हणून तिने तो ब्लूटूथ स्पीकरला जोडला. हा स्पीकर सोसायटीने रौप्यमहोत्सवात अठ्ठावीसही घरांना भेट दिला होता. निवड अर्थात पेडणेकरांची होती.

"बाबा, एक लक्षात ठेवा," ज्ञानदा चपला घालता घालता म्हणाली, "हा स्पीकर मध्ये मध्ये..."

"अगं, चौदा वर्षं सोसायटी चालवतोय मी. एक डबडं नाही चालवता येणार?"

ज्ञानदाने पुढचं वाक्य तोंडातच ठेवलं. पेडणेकरांच्या घरात नांदायचं तर काही वाक्यं तोंडातच ठेवावी लागतात, हे तिने लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासूकडून शिकून घेतलं होतं.

सोमवारी सकाळी पेडणेकरांनी स्वतःच्या हाताने कॉम्प्युटर सुरू केला. आता अठ्ठावीस घरांत एकाच जातीचे स्पीकर, म्हणजे अठ्ठावीसही स्पीकरांचं नावही एकच, हे भेट निवडताना कुणाच्या लक्षात येणार? पेडणेकरांचा स्पीकर बंद होता. खालच्या मजल्यावर शांताराम तेंडोलकरांनी आपला तेवढ्यात चालू केला होता. पेडणेकरांनी यादीत दिसलेल्या नावावर ठसक्यात बोट दाबलं आणि वाट बघत बसले. खाली तेंडोलकर सोवळ्यात देवासमोर बसले होते. त्यांनी डोळे मिटून घंटा हातात घेतली, तोच देव्हाऱ्याच्या बाजूने एक बाई करड्या आवाजात म्हणाली, "दिनानाथ, तुमचा पासवर्ड चुकला आहे."

तेंडोलकर सोवळ्यानिशीच वर आले. हे गृहस्थ टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे आवाज नावाची जी काही वस्तू जगात आहे तिच्यावर आपला वारसाहक्क आहे, अशी त्यांची समजूत होती. त्यांनी स्पीकर कानाला लावला, उलटा केला, ठोकला.

"पेडणेकर, तुमची तार कुठेतरी लूज आहे."

"तेंडोलकर, याला तार नसतेच."

"तेच म्हणतो मी. तारच नाही, मग दोष सापडणार कुठे? तार असती तर दोन मिनिटांत काढला असता."

शेवटी कसाबसा पेडणेकरांचा स्पीकर पेडणेकरांच्याच कॉम्प्युटरला जोडला गेला. "पेअर झाला! पेअर झाला!" असं ते गॅलरीतून ओरडले. खाली ओट्यावर कोळंबी सोलत बसलेल्या रोझलीनबायनी मान वर केली. "काय पेरला रे? मिरच्या का?" पेडणेकरांच्या पत्नी आशालताबाईंनी वरूनच सांगितलं, "काही नाही हो बाय, यांचा स्पीकर." त्यावर बायनी स्पीकर कुठल्या महिन्यात पेरतात, असं विचारलं नाही, हा त्यांचा मोठेपणा.

स्पीकर बोलायला लागला, पण त्याची एक तऱ्हा होती. कॉम्प्युटर सुरू झाला की बाईने "नमस्कार, दिनानाथ" म्हणायचं, ती म्हणायची, "मस्कार, दिनानाथ." घंटी तर कधी वाजलीच नाही. आशालताबाईंच्या भिशीचा मेल आला तर "शालता पेडणेकर यांस". गाणी लावली की मात्र स्पीकर अगदी स्वच्छ. पेडणेकरांनी एकदा बोलून पत्र लिहावं म्हणून माइक चालू केला, तर त्या बाईचा आवाज एकदम पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा झाला. तेंडोलकरांचे डोळे पाणावले. "हा आमच्या खात्याचा आवाज आहे, पेडणेकर! ट्रंक कॉलचा! बोलणं आणि ऐकणं दोन्ही एकदम करायला लावलं की असंच होतं."

मग सल्ले सुरू झाले. कुणी म्हणालं, स्पीकर तांब्याच्या परातीत ठेवा. कुणी म्हणालं, फ्रिजपासून लांब ठेवा. तेंडोलकरांनी तो पूर्वेकडे तोंड करून ठेवायला लावला, कारण टेलिफोन एक्सचेंज पूर्वेला होतं. पेडणेकरांनी सगळं करून पाहिलं आणि शेवटी जाहीर केलं, "बाईची बोलण्याची पद्धतच तशी आहे. काही लोक पहिलं अक्षर जरा मऊ उच्चारतात." स्वतः आणलेल्या वस्तूत खोट आहे असं मान्य करण्यापेक्षा दुसऱ्याच्या उच्चारात खोट काढणं पेडणेकरांना केव्हाही सोपं जायचं.

गुरुवारी सकाळी अकरा वाजता पेडणेकर आरामखुर्चीत डोळ्यात थेंब घालून पडले होते. स्पीकर तासभर गप्प होता. एकाएकी बाई म्हणाली, "मंजूर. बसथांबा अर्ज, शुभंकर सोसायटी, माणिकपूर."

पेडणेकर उठले ते उभेच. थेंब गालावरून मिशीत गेले. पुढचं ऐकायला बटण दाबावं, असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. मंजूर म्हटल्यावर पुढे ऐकायचं काय राहिलं? त्यांनी काळा मार्कर घेतला, एका डोळ्याने जिना उतरले आणि बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "थांबा मंजूर आहे. सोमवारपासून बस आपल्या फाटकासमोर थांबेल. – सेक्रेटरी."

मग काय विचारता! आशालताबाईंनी पेढे आणले. तेंडोलकरांनी फ्लेक्स करायला टाकला. त्यात पेडणेकरांचा फोटो वर आणि स्वतःचा खाली, पण जरासा मोठा. रोझलीनबाय वर आल्या, लिफ्ट बंद होती तरी आल्या, आणि तळलेल्या बोंबलांचं ताट पेडणेकरांच्या हातात ठेवून म्हणाल्या, "दिनाभाऊ, आग्नेस आता गरम जेवल." एवढंच बोलून त्या धापा टाकत सोफ्यावर बसल्या. पेडणेकरांची छाती अशी भरून आली की बोंबील हातातच गार झाले. आयुष्यात आपण एक काम केलं, असं त्यांना वाटलं.

सोमवारी सकाळी फाटकासमोर सव्वीस माणसं जमली. रोझलीनबायसाठी पेडणेकरांनी घरातली खुर्ची आणून सगळ्यांत पुढे मांडली होती. आणि सेक्रेटरीच ते! गर्दी जमली की त्यांच्या हाताला रजिस्टरची आठवण होते. सोसायटीत हळदीकुंकू झालं तरी ते बायकांच्या सह्या घ्यायचे. लगेच नवं रजिस्टर आलं: दिनांक, नाव, कुठे जाणार, सही. बस आली, भुर्रकन गेली. "पहिला दिवस आहे," पेडणेकर म्हणाले, "ड्रायव्हरला कळलं नसेल."

मंगळवारी शेजारच्या दोन सोसायट्यांची माणसं येऊन मिळाली. सह्या एकेचाळीस. पेडणेकरांनी छत्री हलवली, तेंडोलकरांनी ट्रॅफिक पोलिसासारखा हात केला. बस जरा मंदावली आणि निघून गेली. बुधवारी चुन्याची रेघ मारून रांग लागली. कॉलेजच्या पोरी, तरखडला भाजी घ्यायला जाणाऱ्या बायका, कोर्टात तारीख असलेले एक काका, असे त्रेपन्न जण. इतक्या लोकांना वसई गावात जायचं असतं आणि इतकी वर्षं ते काय करत होते, याचं पेडणेकरांनाच नवल वाटलं.

गुरुवारी ड्रायव्हरने बस थांबवली. रांगेत आनंदाची लाट उसळली, पण दार उघडलं नाही. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून म्हणाला, "काका, रोज काय चाललंय हे? माझ्या यादीत इथे थांबा नाही."

"मंजूर आहे!" रांग एका सुरात ओरडली.

"असेल. पण मला कागद पाहिजे. कागद दाखवा, उद्यापासून थांबतो."

"उद्या सकाळी कागद तुमच्या हातात," पेडणेकर म्हणाले. माणसाला आपल्या बाजूने कागद आहे याची खात्री असली की त्याच्या आवाजाला जी धार येते, ती त्या वेळी त्यांच्या आवाजाला आली होती.

वर येऊन त्यांनी कॉम्प्युटर लावला. स्पीकर जागेवर नव्हता. आशालताबाईंनी तो स्वयंपाकघरात नेऊन आपल्या मोबाईलला जोडला होता आणि कणीक मळता मळता अभंग ऐकत होत्या. बरं, नसू दे. पेडणेकरांनी मेलवर बोट ठेवलं. आता आवाज आला तो कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पोटातून, जरासा किनरा, पण अगदी लख्ख:

"नामंजूर. बसथांबा अर्ज, शुभंकर सोसायटी, माणिकपूर."

पेडणेकरांना वाटलं, कान वाजले. त्यांनी पुन्हा बोट ठेवलं. "नामंजूर." तिसऱ्यांदा ठेवलं. बाईला दया नव्हती. त्यांनी हिरवा पडदा वर केला, डॉक्टरांची मनातल्या मनात क्षमा मागितली आणि नाक कॉम्प्युटरच्या काचेला टेकवून वाचलं. ना. ठळक टायपातला ना. तो तिथे आठवडाभर बसलेला होता. खाली कारणही होतं: "अर्जदाराने नमूद केलेली प्रवासी संख्या अपुरी."

त्यांनी ज्ञानदाला फोन लावला. ती शांतपणे म्हणाली, "बाबा, मी त्या दिवशी हेच सांगत होते. काही वाजत नसलं की तो स्पीकर झोपतो, बॅटरी वाचवायला. आवाज आला की जागा व्हायला त्याला अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात जे वाजलं ते गेलं. गाणं लांब असतं, म्हणून त्यात कळत नाही. पण घंटी अख्खी जाते आणि बोलण्याचं पहिलं अक्षर जातं. कॉम्प्युटर नीट बोलतो हो, स्पीकर उशिरा उठतो."

पहिलं अक्षर! मराठी भाषा काय भाषा आहे पाहा. माणसाला काही नाकारायचं असलं की ती नेमकं पहिल्याच अक्षरात नाकारते. अमान्य, अपात्र, नापसंत, बेकायदा. डोकं उडवलं की सगळं होकारार्थी. आणि पेडणेकरांना एकदम आठवलं, इमारतीला पिवळा रंग द्यावा का, यावर त्याच आठवड्यात सभासदांचे अकरा मेल आले होते. अकराही जणांनी विषयात एकच शब्द लिहिला होता आणि पेडणेकरांनी "सहमत, एकमताने" असं इतिवृत्तात नोंदवून रंगाऱ्याला निरोपही धाडला होता.

तेंडोलकर आले. सगळं ऐकून त्यांनी आधी दार लावून घेतलं. "कुणाला कळलंय? नाही ना? मग गप्प राहा. कार्यालयाने मंजूर केला आणि मग फिरवला, असं सांगू. लोक लगेच विश्वास ठेवतील."

"ठेवतील, म्हणूनच नाही सांगायचं," पेडणेकर म्हणाले.

"अहो, पण फ्लेक्सवर माझा फोटो आहे!"

आशालताबाई पिठाच्या हातांनी बाहेर आल्या होत्या. नवऱ्याला टोमणा मारायची अशी संधी वर्षातून एकदा येते, पण त्यांनी ती सोडली. त्या फक्त म्हणाल्या, "बोर्ड तुम्हीच पुसा. दुसऱ्या कुणी पुसला तर तुम्हाला जास्त लागेल."

शुक्रवारी सकाळी एकसष्ट माणसं रांगेत होती. पेडणेकर खुर्चीशेजारी उभे राहिले. चौदा वर्षांत काही तोंडाने सांगायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती. जे होतं ते बोर्डावर लिहून भागत होतं. "थांबा मंजूर नाही," ते म्हणाले. "नामंजूर आहे. कार्यालयाने पहिल्यापासून नामंजूरच लिहिलं होतं. मी अर्धवट ऐकलं आणि पुरतं न वाचता बोर्डावर लिहिलं. पाच दिवस तुम्हाला खोट्या थांब्यावर उभं केलं. चूक माझी, स्पीकरचीही नाही. मला माफ करा."

कुणीतरी फिस्सकन हसलं. कोर्टाची तारीख असलेले काका म्हणाले, "माझी हजेरी चुकली तुमच्यापायी!" कॉलेजच्या पोरी नाक्याकडे पळाल्या. एकेक करत रांग विरघळली. रोझलीनबाय सगळ्यांत शेवटी खुर्चीतून उठल्या. त्यांनी डबा उचलला, पेडणेकरांच्या तोंडाकडे एकदा नीट पाहिलं आणि एक शब्दही न बोलता नाक्याच्या दिशेने चालू लागल्या. पेडणेकरांना वाटलं, बायनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाय पहिल्यांदा बसल्या, दुसऱ्यांदा बसल्या, आणि पेडणेकरांच्याने पुढे बघवेना. त्यांनी शिडी आणून फ्लेक्स उतरवला, बोर्ड स्वतः पुसला, रजिस्टर बगलेत मारलं आणि परिवहन कार्यालय गाठलं.

कार्यालयात पहिल्या खिडकीवर सांगितलं, "इथे मंजूर अर्ज. नामंजूर चार नंबरला." चार नंबरवर विचारलं, "आज नामंजूर झाला की आधीच?" आधीच म्हटल्यावर सहा नंबर. सहा नंबरच्या टेबलावर एलिसा मॅडम होत्या. त्यांनी फाईल काढली आणि चष्म्यावरून पेडणेकरांकडे पाहिलं.

"काका, अर्जात प्रवासी संख्या किती लिहिलीत तुम्ही?"

"एक."

"एक?"

"रोझलीन डाबरे. तेव्हा एवढीच माझ्या माहितीची होती. अंदाजाने कसं लिहायचं?"

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "माझ्याकडे आठ घरांच्या सोसायट्या दोन-दोनशे प्रवासी लिहून आणतात. एक लिहिणारे तुम्ही पहिलेच. एका प्रवाशाला थांबा कसा देणार मी?"

"बरोबर आहे," पेडणेकर म्हणाले. "मी काही तक्रार करायला नाही आलो. चुकीची कबुली द्यायला आलोय. तुमच्या कार्यालयाच्या नावाने मी पाच दिवस लोक उभे केले. हे त्याचं रजिस्टर."

मॅडमनी रजिस्टर उघडलं. सव्वीस. एकेचाळीस. त्रेपन्न. अठ्ठावन्न. एकसष्ट. प्रत्येकापुढे कुठे जाणार ते, प्रत्येकापुढे सही, आणि रोज खाली "कुणालाही बस मिळाली नाही" असा शेरा. त्या बराच वेळ पानं उलटत राहिल्या. मग त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या साहेबांना बोलावलं. दोघांनी मिळून पानं उलटली. पेडणेकर शिक्षेची वाट बघत ताठ उभे होते.

"नवीन अर्ज करा," मॅडम म्हणाल्या. "याची प्रत जोडा. सोमवारी आमचा माणूस येऊन मोजेल. तेवढे उभे असले तर मी स्वतः टिपणी लिहिते."

पेडणेकर बाहेर आले ते खाली मान घालूनच. तेवढे कुठले उभे राहणार? सगळ्यांना खरं सांगून झालं होतं. पुन्हा "सोमवारी उभे राहा" म्हणायचं तर कुठल्या तोंडाने? त्यांनी बोर्डावर एवढंच लिहिलं: "सोमवारी प्रवासी मोजायला माणूस येणार आहे. थांबा मिळेलच असं नाही." आशालताबाई म्हणाल्या, "अहो, जरा तरी आशेचं लिहा." पण पेडणेकरांना जेवढं ठाऊक होतं तेवढंच ते लिहीत.

सोमवारी ते खुर्ची घेऊन खाली उतरले तेव्हा फाटकाबाहेर पाय ठेवायला जागा नव्हती. रांग चुन्याच्या रेघेवरून वळून किराणा दुकानाच्या पुढे गेली होती. तारीख असलेले काका होते. पोरी होत्या. मोजायला आलेला माणूस बोटांवर मोजत होता. तेंडोलकर कानाशी लागले, "रोझलीनबाय काल चर्चमधली मिस्सा आटोपून आल्या आणि प्रत्येक मजल्यावर गेल्या. शेजारच्या सोसायटीतपण. लिफ्ट पुन्हा बंद होती, पेडणेकर!" ते लिफ्टच्या तक्रारीत सांगत होते की कौतुकात, कळलं नाही. मोजणाऱ्याचा आकडा चौऱ्याऐंशीवर थांबला.

दोन आठवड्यांनी मेल आला. या वेळी पेडणेकरांनी स्पीकर, बाई, घंटी सगळं बंद केलं. डोळ्याचा पडदा निघाला होता. त्यांनी आधी स्वतः वाचलं, मग आशालताबाईंकडून वाचून घेतलं, मग तेंडोलकरांना शब्द सुटे सुटे करून वाचायला लावले. छापून काढलेला कागद लॅमिनेट झाला. त्यानंतरच मार्करचं टोपण निघालं.

पहिली बस थांबली त्या सकाळी दार उघडलं आणि रांगेतलं कुणी हललंच नाही. सगळे रोझलीनबायसाठी थांबले होते. बाय एकेक पायरी चढल्या, वर जाऊन वळल्या आणि म्हणाल्या, "तू काय उभा रातो? चल ना."

"मी? कुठे?"

"पाचूबंदरला. आग्नेसला भेटायला. इतके दिवस आयकते ती तुझं नाव."

मोडता येण्यासारखा तो आवाज नव्हता. पेडणेकर चढले.

पाचूबंदरला आग्नेसबायची खोली समुद्राच्या बाजूला होती. बाहेर बांबूच्या वलांडीवर बोंबील वाळत घातले होते. म्हातारी उशीला टेकून बसली होती. हाडं आणि डोळे, बाकी काही उरलं नव्हतं. रोझलीनबायनी डबा उघडला तर त्यातून वाफ आली. त्यांनी कालवण-भाताचा पहिला घास बहिणीला भरवला, तिने तो सावकाश गिळला आणि मग पेडणेकरांकडे बोट केलं.

"ह्यो कोन?"

पेडणेकर सावरून बसले. सोसायटीचा सेक्रेटरी, बसथांबा आणणारा, असं काहीतरी बाय सांगतील, या तयारीने त्यांनी चेहरा नम्र केला. त्या शुक्रवारी बाय एक शब्द न बोलता निघून गेल्या होत्या, ते मात्र अजून आतमध्ये सलत होतं.

"ह्यो आमचा सेक्रेटरी," रोझलीनबाय दुसरा घास कालवत म्हणाल्या. "याच्या तोंडून एकदा खोटं निघालं. तर सगळ्या रांगेसमोर उभा राहिला आनि म्हनाला, खोटं निघालं. मी त्या दिवशी त्याच्याशी बोलली नाय. बोलली असती तर रडली असती. चौऱ्याहत्तर वर्सांत मी असा बापय मानूस नाय बघितला."

मानपत्रं पेडणेकरांनी आजवर पुष्कळ लिहिली होती, रौप्यमहोत्सवात तर नऊ, पण ती सगळी दुसऱ्यांची. त्यांची मान आपोआप ताठ झाली.

आग्नेसबायनी त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग तोंडातला घास संपवून त्या बहिणीला म्हणाल्या, "मंग बघत काय बसली? त्याला ताट वाढ."